खिदिरपूरचा घोडा आणि मेरठचे सोने

सरकारी नोकरीत ‘निलंबन’ या शब्दाची जेवढी चर्चा होते तेवढी ‘वसुली’ या शब्दाची होत नाही. वास्तविक निलंबित झालेला कर्मचारी बहुधा कामावर परत येतो आणि अडकलेला पगारही पुष्कळदा मागाहून हाती पडतो. वसुलीचा आदेश मात्र थेट घरातल्या डाळ-तांदळापर्यंत पोहोचतो. काम करताना कर्मचाऱ्याच्या हातून काही मोडले, हरवले, कोणाला इजा झाली, तर त्याचे पैसे कोणी द्यायचे? ज्याच्या हातून ते झाले त्याने, ज्याने त्याला त्या कामावर नेमले त्याने, की ज्याचे नुकसान झाले त्यानेच ते निमूटपणे सोसायचे? प्रश्न साधा दिसतो. पण आपल्या देशात त्याचे उत्तर शोधू लागलो की वाट कलकत्त्याच्या एका गोदीतून, उदयपूरच्या एका रस्त्यावरून आणि मेरठच्या एका मालखान्यातून जाते. महाराष्ट्राबाहेर नोकरी करीत असताना या तीन गावांची नावे माझ्यासमोर आलेल्या टिपण्यांत इतक्या वेळा उद्धृत झालेली पाहिली की एकदा त्यांचा इतिहास सलग मांडावा असे वाटले.

इतिहास म्हटला की आपण ब्रिटिशांपासून सुरुवात करतो. या प्रश्नाची सुरुवात मात्र बरीच आधीची आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाड्यांच्या अपघातांविषयी आश्चर्य वाटावे इतक्या बारकाईने लिहिलेले आहे. (या ग्रंथाचे नाव काढताच मराठी माणसाला १९२७ चे महाड आठवते, आणि ते योग्यच आहे, तेथील दंड माणसाच्या वर्णानुसार बदलतात. परंतु गाडीवानाविषयीची ही श्लोकपंक्ती कायद्याचा इतिहास म्हणून वाचण्यासारखी आहे.) बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक निखळले, किंवा गाडीवानाने ‘बाजूला व्हा’ म्हणून ओरडून सांगितले असेल, तर दंड नाही. गाडीवान अकुशल असल्यामुळे गाडी वाट सोडून गेली आणि कोणाला इजा झाली तर दोनशे पणांचा दंड गाडीच्या मालकाला. गाडीवान कुशल असेल तर दंड त्याचा त्याला. म्हणजे चूक कोणाच्या हातून घडली एवढेच येथे पाहिलेले नाही. त्या हाती कासरा कोणी दिला, हेही पाहिले आहे. अडाणी माणसाला गाडीवर बसवणे हा मालकाचा दोष, आणि जाणत्याने दुर्लक्ष करणे हा त्या जाणत्याचा.

गुराख्याविषयीही असाच विचार दिसतो. दिवसा गुरांची जबाबदारी गुराख्याची. रात्री ती मालकाच्या घरी बांधलेली असतील तर मालकाची. चोरांनी जनावर नेले आणि गुराख्याने आरडाओरडा करून वेळेवर धन्याला कळवले, तर त्याच्याकडून भरपाई घ्यायची नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत ओझे वाहणाऱ्याने माल गमावल्यास तो भरून द्यावा असे सांगितले आहे, पण राजा किंवा दैव यांमुळे तो गेला असेल तर नाही.

दख्खनमध्ये हा विचार प्रत्यक्ष कारभारात कसा उतरला होता, हे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशवाई संपल्यावर १८१९ साली लिहिलेल्या अहवालात पाहावे. गावाची राखण करणारा रामोशी किंवा भिल्ल हा गावचा नोकर. चोरी झाली की त्याने चोराचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवला की जबाबदारी त्या गावावर. माग आपल्याच शिवेत विरला तर चोरीस गेलेल्या मालाची झळ राखणदाराला आणि त्याच्यामागोमाग गावाला. ही पद्धत न्याय्य होती असे मी म्हणणार नाही. गरीब राखणदाराकडून श्रीमंत सावकाराच्या चोरीची भरपाई मागणे यात क्रौर्य होतेच. परंतु एक गोष्ट तिच्यात पक्की होती: ज्याचे गेले त्याला कोणाकडे जायचे हे ठाऊक होते.

आता कलकत्त्याच्या गोदीकडे वळू.

खिदिरपूर येथे सरकारची गोदी होती. पेनिन्शुलर अँड ओरिएंटल या आगबोट कंपनीचा एक नोकर दोन घोड्यांच्या गाडीतून त्या भागातील रस्त्याने चालला होता. त्याच वेळी गोदीतले कामगार बोटीच्या दुरुस्तीसाठी लागणारा लोखंडाचा एक जड तुकडा खांद्यावरून वाहून नेत होते आणि ते रस्त्याच्या मधून चालले होते. गाडीवानाने ओरडून इशारा दिला. त्याबरोबर पुढचे कामगार एका बाजूला आणि मागचे दुसऱ्या बाजूला सरकू लागले, गाडी अंगावर येतेसे पाहून त्यांनी लोखंड खाली टाकले, त्या आवाजाने घोडे बुजले आणि एक घोडा जखमी झाला. कंपनीने भारतमंत्र्यावर दावा लावला तो ३५० रुपयांचा. कलकत्त्याच्या लघुवाद न्यायालयाने कामगारांचा हलगर्जीपणा मान्य केला, पण सरकारवर असा दावा चालतो का हा प्रश्न वरिष्ठ न्यायालयाकडे सोपवला. १८६१ साली मुख्य न्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी त्याचा निकाल दिला: चालतो.

या निकालाची कारणमीमांसा मोठी गमतीची आहे. १८५८ साली ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार राणीच्या सरकारकडे गेला तेव्हाच्या कायद्याच्या ६५ व्या कलमात म्हटले होते की जसा कंपनीवर दावा करता येत होता तसा यापुढे भारतमंत्र्यावर करता यावा. कंपनी एकीकडे राज्य करीत होती आणि दुसरीकडे व्यापार. तेव्हा पीकॉक यांनी भेद केला. कोणत्याही खाजगी माणसाला करता येण्यासारखे काम, म्हणजे गोदी चालवणे, बोटी दुरुस्त करणे, करताना नोकराच्या हातून नुकसान झाले तर कंपनी जबाबदार; सार्वभौम सत्तेच्या वापरात झाले तर नाही. गोदी पहिल्या वर्गात बसत असल्याने प्रकरणाचा निकाल लागायला भेदाच्या उत्तरार्धाची गरजच नव्हती. तरीही पुढची शंभर वर्षे तो उत्तरार्धच जास्त चालला. १८७५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने सरकारची ढाल रुंद केली, १८८२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती अरुंद केली, आणि वकिलांना दोन्ही बाजूंनी उद्धृत करायला भरपूर सामग्री मिळाली.

येथे वाचकाने एका साखळीकडे लक्ष द्यावे. १८५८ चे कलम ६५ पुढे १९१५ च्या कायद्यात कलम ३२ झाले, १९३५ च्या कायद्यात कलम १७६ झाले, आणि १९५० साली आपल्या संविधानात अनुच्छेद ३०० झाले. संसदेने किंवा विधिमंडळाने वेगळा कायदा करीपर्यंत केंद्र व राज्ये यांच्यावर पूर्वीच्या प्रांतांवर होत तशाच प्रकारचे दावे करता येतील, असा त्याचा आशय. म्हणजे स्वतंत्र भारतातल्या नागरिकाने सरकारी नोकराच्या चुकीबद्दल भरपाई मागितली तर न्यायाधीशाने स्वतःला विचारायचे: ईस्ट इंडिया कंपनी यात देणे लागली असती का? प्रशासनातल्या अनेक विचित्र वारशांपैकी हा एक, आणि सर्वांत कमी माहीत असलेला.

उदयपूरचे प्रकरण १९५२ च्या फेब्रुवारीतले. जिल्हाधिकाऱ्यांच्या वापरातली सरकारी जीप दुरुस्त करून कार्यशाळेतून परत आणताना तात्पुरत्या नेमणुकीवरील चालकाने पदपथावरून चाललेल्या एका गृहस्थाला धडक दिली. तीन दिवसांनी इस्पितळात त्यांचा मृत्यू झाला. मागे पत्नी विद्यावती आणि तीन वर्षांची मुलगी. त्यांनी चालक व राजस्थान राज्य या दोघांवर दावा केला. खालच्या न्यायालयाने काय केले, ते पाहण्यासारखे आहे: न्यायालयात हजरही न झालेल्या त्या चालकाविरुद्ध हुकूमनामा दिला आणि राज्याला मोकळे सोडले. कायद्याच्या दृष्टीने विधवेच्या हाती काही तरी पडले. व्यवहारात एका तात्पुरत्या जीपचालकाकडून पंधरा हजार रुपये कसे मिळायचे? १९५२ सालचे पंधरा हजार. उच्च न्यायालयाने राज्यालाही जबाबदार धरले, आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी ते कायम केले. कल्याणकारी राज्य म्हणवणाऱ्याने इतर कोणत्याही मालकाप्रमाणे आपल्या नोकराच्या हलगर्जीपणाची भरपाई का देऊ नये, असा त्या निकालाचा रोख होता. येथे प्रकरण संपले असते तर बरे झाले असते.

ते संपले नाही, कारण मेरठचे प्रकरण तोपर्यंत न्यायालयांच्या पायऱ्या चढत होते. २० सप्टेंबर १९४७. फाळणीच्या धामधुमीचे दिवस. अमृतसरच्या कस्तुरीलाल रलियाराम जैन या पेढीचे भागीदार रलियाराम सोने-चांदी विकण्यासाठी फ्रंटियर मेलने रात्री मेरठला उतरले. बाजारातून जाताना तीन शिपायांनी त्यांना अडवले, झडती घेतली आणि चोरीच्या मालाच्या संशयावरून ठाण्यात नेले. त्यांच्याजवळ १०३ तोळ्यांहून अधिक सोने आणि दोन मणांहून अधिक चांदी होती. दुसऱ्या दिवशी त्यांची जामिनावर सुटका झाली. चांदी पुढे परत मिळाली. सोने मिळाले नाही. ते नियमाप्रमाणे कोषागारात सुरक्षित न ठेवता ठाण्याच्या मालखान्यातच राहिले होते, आणि मालखान्याचा ताबा असलेला हेड कॉन्स्टेबल ऑक्टोबरमध्ये ते घेऊन पाकिस्तानात निघून गेला.

पेढीने सोने किंवा त्याची सुमारे अकरा हजार रुपये किंमत मागितली. खालच्या न्यायालयाने ती दिली, अलाहाबाद उच्च न्यायालयाने नाकारली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे आले. निकाल सप्टेंबर १९६४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी लिहिला. साताऱ्याचे गजेंद्रगडकर औद्योगिक कायद्यातील कामगाराभिमुख निकालांसाठी ओळखले जात. नोकर आणि मालक यांचे नाते त्यांच्याइतके जवळून पाहिलेले न्यायाधीश त्या काळी थोडे होते. त्यांनी पोलिसांचा घोर हलगर्जीपणा स्पष्ट शब्दांत मान्य केला. तरीही पेढीचे अपील फेटाळले. अटक करणे, झडती घेणे, माल जप्त करणे हे कायद्याने दिलेले अधिकार सार्वभौम सत्तेचे अंग आहेत. ते वापरताना नोकराने केलेल्या अपकृत्याची जबाबदारी राज्यावर येत नाही. खिदिरपूरचा निकाल आपल्यावर बंधनकारक आहे. हे सांगताना त्यांना समाधान नव्हते, आणि विधिमंडळांनी या बाबतीत कायदा करावा असे त्यांनी निकालातच सुचवले.

कायदा करण्याची शिफारस नवी नव्हती. स्वतंत्र भारताच्या विधी आयोगाने १९५६ साली दिलेला पहिलाच अहवाल नेमक्या याच विषयावर होता. एम. सी. सेटलवाड त्याचे अध्यक्ष. त्यानुसार १९६५ आणि १९६७ अशी दोनदा विधेयके लोकसभेत मांडली गेली आणि दोन्ही व्यपगत झाली. त्यानंतर कोणत्याही सरकारला या विषयाची निकड भासलेली दिसत नाही. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. सरकारच्या तिजोरीवर अनिश्चित बोजा टाकणारा कायदा स्वतःहून आणणारे वित्त खाते मला माझ्या नोकरीत कोठे भेटले नाही, एवढेच.

उदयपूर आणि मेरठ शेजारी ठेवून पाहिले की जे चित्र दिसते ते मला आजही अस्वस्थ करते. जीपचालकाकडे कायद्याने दिलेला कोणताच अधिकार नव्हता, म्हणून त्याच्या चुकीचे राज्य देणे लागले. मालखान्याच्या हेड कॉन्स्टेबलकडे राज्याची सत्ता होती, म्हणून राज्य देणे लागले नाही. हातात सत्ता जितकी अधिक तितकी भरपाईची शक्यता कमी. शिवाय आपल्या बहुतेक कायद्यांच्या शेवटी एक ठरावीक कलम असते: या कायद्याखाली सद्भावपूर्वक केलेल्या कोणत्याही गोष्टीबद्दल अधिकाऱ्याविरुद्ध दावा किंवा खटला चालणार नाही. न्यायिक अधिकाऱ्यांना तर १८५० पासून स्वतंत्र कायद्याचे संरक्षण आहे. या तरतुदी अनावश्यक आहेत असे मी मुळीच म्हणणार नाही; त्या नसत्या तर कोणी अधिकारी अतिक्रमणाच्या नोटिशीवर सही करण्यास धजला नसता. पण भांडारपाल, चालक, रोखपाल ‘या कायद्याखाली’ काहीच करीत नसतात. ते फक्त काम करीत असतात. म्हणून त्यांच्यासाठी असे कलमही नसते.

येथपर्यंत प्रश्नाची बाहेरची बाजू झाली, म्हणजे नुकसान झालेला नागरिक आणि सरकार. आतली बाजू म्हणजे सरकार आणि त्याचा नोकर, किंवा कोणताही मालक आणि त्याचा नोकर. तिचा इतिहास वेगळा आहे आणि त्याचा एक मोठा भाग मुंबईच्या गिरणगावात घडला. गिरणीत विणकराच्या मागावर कापडात दोष निघाला की ते खराब कापड त्याच्याच गळ्यात मारायचे आणि त्याची किंमत पगारातून कापायची, अशी रीत होती. सूत वाईट होते की माग जुना होता, हे विचारण्याची सोय नव्हती. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील कामगारविषयक शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात दंड आणि कपातींचा हा प्रश्न हाताळला, आणि १९३६ मध्ये वेतन प्रदान कायदा झाला. नुकसानीबद्दल कपात करायची तर तो माल स्पष्टपणे त्या कामगाराच्या ताब्यात दिलेला असला पाहिजे, नुकसान थेट त्याच्या दुर्लक्षामुळे झालेले असले पाहिजे, कपात नुकसानीच्या रकमेपेक्षा अधिक असता कामा नये आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. चार साध्या अटी. २०१९ च्या वेतन संहितेत हा कायदा सामावला गेला तेव्हाही त्यांचा गाभा राहिला.

सरकारी नोकरासाठी हीच गोष्ट शिस्तीच्या नियमांत आहे. केंद्राच्या १९६५ च्या नियमांतील अकराव्या नियमात, आणि महाराष्ट्राच्या १९७९ च्या नियमांतही, हलगर्जीपणामुळे किंवा आदेशभंगामुळे झालेल्या आर्थिक हानीची पूर्ण वा अंशतः पगारातून वसुली ही एक शिक्षा आहे, आणि ती किरकोळ शिक्षांच्या यादीत आहे. किरकोळ! त्यामुळे तिच्यासाठी प्रत्येक वेळी साक्षी-पुराव्यांसह पूर्ण विभागीय चौकशी करावी लागत नाही. नोटीस, खुलासा आणि आदेश एवढ्यावर काम भागू शकते. दोन लाखांची वसुली किरकोळ आणि एका वेतनश्रेणीने खाली आणणे कठोर, असे हे वर्गीकरण. निवृत्त झाला म्हणून माणूस सुटतो असेही नाही. गंभीर गैरवर्तन किंवा हलगर्जीपणा सिद्ध झाल्यास निवृत्तिवेतनातून वसुली करता येते. मात्र चार वर्षांपूर्वीच्या घटनेबद्दल निवृत्तीनंतर नव्याने विभागीय कारवाई सुरू करता येत नाही. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत आणखी एक सूत्र आहे: अधिकारी स्वतःच्या हलगर्जीपणामुळे झालेल्या हानीला तर जबाबदार आहेच, पण दुसऱ्याच्या लबाडीला किंवा दुर्लक्षाला आपल्या वागण्याने जेवढा हातभार लावला असेल तेवढ्यापुरता त्यालाही जबाबदार आहे.

हे सूत्र कागदावर निर्दोष आहे. त्याचा वापर पाहायचा असेल तर टपाल खात्याकडे पाहावे. खेड्यातला शाखा डाकपाल बचत खात्यात भरायला दिलेले पैसे पासबुकात लिहितो, पण हिशेबात दाखवत नाही. काही वर्षांनी अफरातफर उघडकीस येते. तोपर्यंत तो बडतर्फ होण्यापलीकडे गेलेला असतो; कधी हयातही नसतो. मग खाते दुसऱ्या वर्तुळाकडे वळते: ज्याने मासिक पडताळणी केली नाही तो, ज्याने पासबुके मागवून पाहिली नाहीत तो, ज्याने खातेवहीतील सही मिळवून पाहिली नाही तो. यांना खात्याच्या भाषेत ‘दुय्यम अपराधी’ म्हणतात, आणि हानीची रक्कम त्यांच्यात वाटली जाते. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे अशी प्रकरणे वर्षानुवर्षे येत राहिली आहेत, आणि हानी व दुर्लक्ष यांचा थेट संबंध दाखवलेला नाही म्हणून वसुलीचे पुष्कळ आदेश रद्दही झाले आहेत. एक पैसाही न खाल्लेल्या कारकुनाच्या पगारातून चोराचे कर्ज फेडून घेणे, हे पाहताना मला माग विरलेल्या शिवेतला तो रामोशी आठवतो.

माझ्या पाहण्यातले एक प्रकरण सांगतो. महाराष्ट्राबाहेरच्या एका जिल्ह्यात पूरग्रस्तांसाठी आलेल्या ताडपत्र्या आणि घोंगड्या एका जुन्या गोदामात ठेवल्या होत्या. त्या पावसाने कुजल्या. साठा नोंदवहीवर सही भांडारपालाची, किल्ली त्याच्याकडे. त्यामुळे लेखापरीक्षणाचा आक्षेप आला तो त्याच्या नावाने आणि वसुलीचा प्रस्तावही. फाईल वाचताना मागे टाचलेली तीन पत्रे दिसली. छप्पर गळते आहे, पत्रे बदलावेत किंवा माल हलवावा, असे त्याने पावसाळ्यापूर्वी तीनदा लिहिले होते. पहिल्यावर शेरा होता ‘अंदाजपत्रक मागवावे’. दुसऱ्यावर ‘अनुदान नाही’. तिसऱ्यावर नुसती सही. या तीन शेऱ्यांखालच्या तीन अधिकाऱ्यांपैकी एकाचेही नाव वसुलीच्या प्रस्तावात नव्हते, आणि त्यात कोणाचे कारस्थानही नव्हते. नोंदवही हरवलेल्या वस्तूची असते. न घेतलेल्या निर्णयाची नोंदवही आपल्याकडे ठेवत नाहीत. मी वसुली नाकारली आणि हानी निर्लेखित करण्याचा प्रस्ताव पाठवला. आक्षेप मिटायला त्यानंतर दोन वर्षे लागली. त्या काळात भांडारपाल दर महिन्याच्या शेवटी माझ्या स्वीय सहायकाकडे येऊन या महिन्याच्या देयकात काही कपात नाही ना, एवढे विचारून जात असे.

गाडीवानाच्या हाती कासरा कोणी दिला, हा जुना प्रश्न आपल्या न्यायालयांनी पुन्हा विचारायला सुरुवात केली ती १९९० नंतर. १९९३ मध्ये ओरिसातील पोलीस कोठडीतल्या मृत्यूच्या नीलाबती बेहेरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मृत तरुणाच्या आईला दीड लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि सांगितले की मूलभूत हक्काचा भंग झाला असेल तेथे सार्वभौमत्वाची ढाल चालणार नाही. १९९४ चे नागेंद्र राव प्रकरण तर मेरठच्या सोन्याचे जणू भावंडच आहे. आंध्र प्रदेशातल्या एका व्यापाऱ्याचा खताचा साठा १९७५ मध्ये जप्त झाला. तो शेतकऱ्यांना वाटून टाकावा असा आदेश असूनही संबंधित कृषी अधिकाऱ्याने काहीच हालचाल केली नाही. जप्ती रद्द होऊन व्यापारी माल घ्यायला गेला तेव्हा खत खराब झालेले होते. या वेळी न्यायालयाने राज्याला भरपाई द्यायला लावली. मेरठचा निकाल रद्द केला नाही, कारण तो मोठ्या पीठाचा होता. त्याला बाजूला ठेवून वाट काढली.

या सर्वांत माझ्या मते सर्वांत धाडसी निकाल लखनौ विकास प्राधिकरणाचा, नोव्हेंबर १९९३ मधला. एम. के. गुप्ता नावाच्या ग्राहकाला पैसे भरूनही घराचा ताबा मिळेना. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्यांना झालेल्या मनस्तापाबद्दल दहा हजार रुपये मंजूर केले. न्यायमूर्ती आर. एम. सहाय यांनी ती रक्कम कायम केली आणि पुढे विचारले की हे दहा हजार शेवटी येतात कोठून? करदात्यांकडून. ज्यांनी त्रास दिला त्यांच्या खिशाला तर झळ नाहीच. म्हणून त्यांनी आदेश दिला की प्राधिकरणाने आधी रक्कम द्यावी, मग ज्या अधिकाऱ्यांच्या वर्तनामुळे हे घडले ते निश्चित करून त्यांच्याकडून ती वसूल करावी, एकाहून अधिक असतील तर प्रत्येकाच्या वाट्याप्रमाणे. वसुली हा शब्द प्रथमच भांडारपालाला सोडून वरच्या मजल्याकडे वळला. १९९६ मध्ये तर पेट्रोल पंपांच्या मनमानी वाटपाबद्दल एका माजी केंद्रीय मंत्र्याला पन्नास लाख रुपये भरण्यास सांगितले गेले. पण १९९९ मध्ये पुनर्विलोकनात तो आदेश मागे घेतला गेला. लखनौच्या निकालाचे तत्त्व मात्र ग्राहक न्यायालये अजूनही वापरतात. विभागांत ते किती मुरले आहे, ते कोणत्याही भरपाईच्या फाईलचे शेवटचे पान उघडून पाहावे: ‘रक्कम अदा केली’ असा शेरा असतो, आणि त्याखाली ‘जबाबदारी निश्चित करण्याची कार्यवाही सुरू आहे’ असा दुसरा.

सरकारी वाहनांचा एक बारीक तपशील येथे सांगून ठेवतो, कारण बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही बाजू त्यात एकत्र येतात. मोटार वाहन कायद्याने विमा सर्वांना सक्तीचा केला, पण सरकारच्या मालकीच्या व व्यापाराशी संबंध नसलेल्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनांना त्यातून सूट दिली. १९३९ च्या कायद्यातही ती होती आणि १९८८ च्या कायद्यातही आहे. म्हणून अशी विमा न उतरवलेली जीप कोणाला धडकली तर पैसे विमा कंपनीकडून येत नाहीत, तिजोरीतून जातात. आणि तिजोरीतून गेलेला प्रत्येक रुपया कोणा तरी लेखापरीक्षकाला दिसतो. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: चालक कोण होता? ज्या वाहनाचे ब्रेक दुरुस्त करण्याची मागणी कार्यशाळेत पडून होती, त्या वाहनाच्या बाबतीतही पहिला प्रश्न हाच असतो.

मेरठच्या मालखान्यासारख्या जागांसाठी आता नवे नियम आले आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४९७ व्या कलमाप्रमाणे न्यायालयापुढे सादर झालेल्या जप्त मालाचे वर्णन चौदा दिवसांत तयार करायचे, त्याची छायाचित्रे घ्यायची, गरज असेल तर चित्रफीत काढायची, आणि त्यानंतर तीस दिवसांत त्याच्या विल्हेवाटीचा किंवा तो परत देण्याचा आदेश करायचा. सोने महिनोन्महिने ठाण्याच्या पेटीत पडून राहू नये, हा त्यामागचा हेतू. ते पेटीतून गेलेच तर भरपाई कोणी द्यायची, याविषयी त्या कलमात काही नाही. त्यासाठी दिवाणी दावा लावणाऱ्या रलियारामाला आजही अनुच्छेद ३०० वाचावा लागेल, त्यावरून १९३५, १९१५ आणि १८५८ च्या कायद्यांपर्यंत मागे जावे लागेल, आणि त्याच्या वकिलाला खिदिरपूरच्या त्या साडेतीनशे रुपयांच्या दाव्यापासून युक्तिवाद सुरू करावा लागेल.